देवळीतले मातीचे बैल

आमच्या घरात खेळणं कधी विकत आलं नाही, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. वावरातून येताना माय पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काड्या, चिंध्या, नाल्याकाठची काळी माती असं काहीबाही आणायची, आम्हा दोघी बहिणींपुढं टाकायची आणि म्हणायची, "पाहा याचं काय होते ते." कसं करायचं ते सांगायची नाही. विचारलंच तर म्हणायची, "मले ठाऊक असतं तर मीच नसतं केलं काय?"

मी काड्यांपेक्षा पत्रकांत रमायची. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ते चळवळीच्या सभांना जात आणि तिथून पत्रकं आणत. माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. धाकटीचा जीव मात्र मातीत. शाळेत तिचे ओठ शिवल्यासारखे असत. मास्तरांनी नाव विचारलं तरी ती खाली बघायची. घरी मातीचा बैल हातात आला की तीच पोर बोलत सुटायची.

काळी माती वाळली की तडकते. तिचे किती बैल तसेच तडकले. मग एका संध्याकाळी बाबांच्या सदऱ्याला चिकटलेला कापूस ती वेचत बसली आणि तो तिनं मातीत मळला. तो बैल तडकला नाही. "माह्या बैलात बाबाचा कापूस हाये!" ती वस्तीभर सांगत फिरली. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनाही सांगितलं, कुणी न विचारता.

त्याच दिवसांत आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. भिंतीतल्या देवळीतले देव बाबांनी टोपलीत घातले आणि नाल्यात सोडून दिले. ते योग्यच झालं. ज्यांच्या देवळाची पायरी आम्हाला चढू दिली नाही, त्यांना आमच्या भिंतीत जागा कशाला? यावर मी आजही कुणाशीही भांडेन. देवळी रिकामी झाली. तिथं कोंबड्या पोचत नव्हत्या, ऊनही थेट येत नव्हतं, म्हणून धाकटी आपले बैल तिथं वाळत ठेवू लागली.

एका सकाळी वस्तीतले एक म्हातारे बाबांना सभेला बोलवायला आले. दारातूनच त्यांची नजर देवळीवर गेली.

"काय गा, दगडाचे गेले अन् मातीचे आले काय? फुलं कधी वाह्यतं?"

त्यांच्यासोबतची माणसंही हसली. बाबांचा चेहरा काळवंडला. घरोघर जाऊन लोकांना देव सोडायला सांगणारा माणूस, आणि त्याच्याच घरात देव निघाले! त्यांनी तीच टोपली उचलली.

"बाबा, ते देव नाहीत. बैल हायेत," धाकटी म्हणाली.

"देवळीत ठेवले का देवच होतेत."

"मंग खाली ठेवते ना."

"आता लोकायनं पाह्यलं."

ती त्यांच्यामागं नाल्यापर्यंत धावली, मी तिच्यामागं. बैल पाण्यात विरघळले. कापसाचे पुंजके तेवढे वर येऊन तरंगत राहिले. पत्रकांनी मला भांडायला शिकवलं होतं. बाबांशी कसं भांडायचं ते एकाही पत्रकात नव्हतं.

संध्याकाळी मायला कळलं. तिनं आवाज चढवला नाही. "लेकरायले विचार करू द्या, असं तुमच्या त्या सभेच्या कागदात लिवलं हाये म्हणे. मले वाचून दाखवा ना एकडाव." बाबांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते स्वतः माती घेऊन आले आणि अंगणात बसले. जाड बोटांनी एक बैल केला. तो उभा राहीना.

"पाय कसे लावतं वं माय तू?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"मले नाही येत," धाकटी म्हणाली आणि पाण्याला गेली.

बाबांनी पायांत पऱ्हाटीच्या काड्या खुपसल्या आणि बैल मुद्दाम देवळीत ठेवला. ते म्हातारे पुन्हा आले, पुन्हा हसले. "बैल हाये तो, काका. माह्या पोरीनं शिकवला," बाबा ठामपणे म्हणाले. धाकटी चुलीजवळ होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

वाळल्यावर बैलाच्या पाठीला आडवा तडा गेला. बाबा तो हातात घेऊन तिच्यापाशी आले. "काहून तडकला वं?"

"मले काय ठाऊक."

बाबांचा सदरा खुंटीला होता, कापसानं पांढरा झालेला. तिनं तो काढला, अंगणात नेला आणि झटकला. वाऱ्यावर कापूस कुंपणापलीकडं गेला. मग सदरा पुन्हा खुंटीला अडकवून ती भाकरी थापायला बसली.