काचताईचं एकच खातं

काचताईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता शोधूनच आणावं लागलं असतं. बाजाराच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखाली तिचं दुकान. दुकान म्हणजे काय, एकानं बसायचं, दुसऱ्यानं उभं राहायचं आणि तिसऱ्यानं रस्त्यावरूनच काय ते बोलायचं. कव्हरं, चार्जर, वायरी, कानात घालायची बोंडं अशी दाटीनं टांगलेली की वारा सुटला की अख्खं दुकान डोलायचं. पण मोबाइलच्या पडद्यावर काच बसवावी ती हिनंच, यावर सगळ्या बाजाराचं एकमत होतं.

काच बसवण्याआधी ती कोपऱ्यातली किटली सुरू करायची. नवीन गिऱ्हाईक खूश व्हायचं, चहा येणार म्हणून. चहा काही यायचा नाही. हवेत वाफ सोडली की धूळ खाली बसते, हे तिचं स्वतःचं शास्त्र. मग चिकटपट्टीनं पडदा टिपायचा, श्वास रोखायचा आणि काच एका बाजूनं अल्लद सोडायची. काच पाण्यासारखी पसरत जायची.

"फुगा राहिला तर?" एखादा विचारायचा.

"राहिला तर दाखवायला या. अजून कुणी आलेलं नाही."

लग्नाआधी ती कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. कारखान्याला कुलूप लागलं, तसा तिनं स्वतःचाच पडलेला फोन उघडून पाहिला. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे चुकायला पूर्ण मोकळीक होती. त्या फोनचं वाटोळं झालं, पण पुढच्या कुठल्याच फोनचं झालं नाही. पुढे तिनं कव्हरांवर फोटो छापायचं यंत्रही आणलं.

घरचा सगळा मोबाइल-कारभारही तिच्याच हातात. नवऱ्याचा फोन, सासूबाईंचा टॅब, दुकानातला टॅब आणि तिचा स्वतःचा फोन, या सगळ्यांना तिनं एकाच खात्यात बांधून टाकलं होतं. इकडे फोटो काढला की क्लाउडवर चढायचा आणि तिथून घरभर उतरायचा. "एक घर, एक खातं. पासवर्ड विसरायची भानगडच नाही," असं ती गिऱ्हाइकांनाही छाती ठोकून सांगायची.

नवरा एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात पंप चालवायचा. पाण्याचे पंप, हवेचे पंप, दिवसभर नुसती घरघर. खाली नेटवर्कचा मागमूस नाही. पण तोच तिचा खरा विक्रेता होता. जेवणाच्या सुट्टीत तो सहकाऱ्यांना कव्हरांचे नमुने दाखवायचा आणि मागण्या घेऊन यायचा. खाली नेटवर्क नसताना नमुने दिसावेत म्हणून तिनं दुकानाचं सगळं फोल्डर त्याच्या फोनमध्ये कायमचं उतरवून ठेवायची सोय केली होती. रोज रात्री घरी नवीन फोटो आपोआप भरले जायचे.

त्या आठवड्यात तिच्याकडे शहराच्या जुन्या बस डेपोचं काम आलं. डेपो बंद होणार होता. ड्रायव्हर-कंडक्टरांनी ठरवलं, निरोपाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात आपल्या बसचं कव्हर हवं. ती स्वतः डेपोत गेली आणि एकेकाला आपापल्या बसशेजारी उभं करून फोटो काढले. कुणी आरशावर हात ठेवला, कुणी पायरीवर पाय. डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, ते काही केल्या हसेनात.

"उस्ताद, जरा हसा की."

"बस कुठं हसतीय? आम्ही दोघं सारखेच उभे राहणार."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बसगाड्या भंगारात गेल्या. निरोप त्याच्या पुढच्या दिवशी होता. दुपारी काचताईनं छपाईचं यंत्र तापायला ठेवलं, टॅब उघडला, आणि डेपोचे फोटो गायब. फोन उघडला. तिथंही नाहीत. दुकानाच्या फोल्डरात कालपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती, आता तिथं चिटपाखरू नव्हतं.

ती घाबरली नाही. काय कुठून काढलं जातं त्याची नोंद क्लाउडचं ॲप ठेवतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं नोंद उघडली. तिथं लिहिलं होतं: आईचा टॅब.

तिनं घरी फोन लावला. "आई, टॅबवर काही आवराआवर केलीत का तुम्ही?"

"केली तर," सासूबाई म्हणाल्या. "किती दिवस बघतेय. माझ्या टॅबमध्ये परक्या बायाबाप्यांची तोंडं. कुणाचं बाळ, कुणाचं कुत्रं. आणि आज उघडते तर सगळे बसवाले रांगेत उभे. मी काय त्यांचं तिकीट काढलंय? जेवण झाल्यावर बसले आणि एकेक करून काढले."

"बरं केलंत. कचऱ्याच्या डब्यात असतील ते. तिथून परत घेते मी."

"डबा पण ओतला. शिळा कचरा मी कधी घरात ठेवलाय?"

सासूबाईंनी जन्मभर इस्पितळाच्या धोबीखान्यावर देखरेख केली होती. त्यांनी एकदा साफ केलं म्हणजे साफ. काचताईला हसू आलं, पण क्षणभरच. बसगाड्यांचे पत्रे एव्हाना कापलेही गेले असतील. फोटो परत काढायचे म्हटलं तरी कशाशेजारी उभं करणार माणसांना?

"अगं, काही हवं होतं का त्यातलं?"

"आई, टॅब बंद करून ठेवा. मी नंतर बोलते."

तिनं किटलीकडे पाहिलं, मग डोळे मिटून घरातली एकेक वस्तू मनातल्या मनात हिंडून आली. खातं एकच, त्यामुळे एका टॅबवर पुसल्याची खबर नेटवर्कवर असलेल्या सगळ्यांना पोचली होती आणि सगळ्यांनी आपापले फोटो पुसले होते. अजून कुणाला पोचलेली नाही? आणि तिचं मन थेट तळघरात उतरलं. नवरा सकाळपासून खाली होता. रात्री भरलेले फोटो त्याच्या खिशात शाबूत होते. पण पाळी संपवून तो जिना चढला, फोनला नेटवर्काचा वास जरी लागला, की फोन इमानदारीत सगळं पुसून मोकळा होणार. आणि पाळी आता संपतच आली होती.

तिनं इस्पितळाच्या फाटकावर फोन केला. पहारेकरी ओळखीचा, त्याच्या फोनची काच तिनंच बसवलेली.

"भाऊ, पंपांकडे आतला फोन लावा. ह्यांना सांगा, वर यायच्या आधी मोबाइल बंद करा."

"लावतो की. थांबा वहिनी." बराच वेळ नुसती घंटी वाजली. "कुणी उचलेना. पंप चालू असला की खाली ढोल वाजवला तरी ऐकू जात नाही हो."

काचताईनं लॅपटॉप आणि वायर पिशवीत कोंबली, शटर ओढलं आणि स्कूटर काढली. सिग्नलला थांबली तेवढीच. फाटकावर पहारेकऱ्यानं विचारपूस न करता तळघराचं दार दाखवलं. ती आत शिरली तेव्हा पाळी सुटल्याची घंटा झालेली होती आणि खालून बुटांचे आवाज येत होते. ती धाडधाड उतरत गेली. दोन वळणांखाली नवरा दिसला, डबा हातात, फोन वरच्या खिशात.

"थांबा. तिथंच थांबा. वर येऊ नका."

तो एक पाय पुढच्या पायरीवर ठेवून थिजला. मागचा त्याच्यावर आदळला, त्याच्या मागचा त्याच्यावर.

"काय झालं? आईला काही—"

"आई ठणठणीत आहेत. फोन काढा. विमानाचं चिन्ह दाबा."

"आता कुठं निघालो आपण?" मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, आम्हालाही न्या की."

नवऱ्यानं चिन्ह दाबलं. आपली बायको उगाच पळत येणाऱ्यातली नाही, एवढं त्याला माहीत होतं. काचताईनं फोन घेतला आणि पायरीवरच बसली. फोल्डर उघडेपर्यंत तिनं श्वास रोखला होता. पहिलाच फोटो उस्तादांचा निघाला. न हसणारे उस्ताद, न हसणारी बस.

तिनं वायर जोडली आणि एकेक फोटो लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला. नवरा शेजारी भिंतीला टेकून उभा होता.

"आईला रागावलीस का?"

"कशाला? घरभर एकच किल्ली मीच वाटली. कुणी कुठलं दार उघडलं, याचा जाब कुणाला विचारू?"

दुकानात परतली तर सासूबाई शटरपाशी उभ्या, टॅब टॉवेलात गुंडाळून काखेत. शेजारणीकडून रिक्षा बोलावून त्या आल्या होत्या.

"सापडले का तुझे बसवाले?"

"सापडले. बसा."

सासूबाई बसल्या, म्हणजे काचताईला उभं राहावं लागलं. यंत्र पुन्हा तापलं. फोटो छापलेला पहिला कागद कव्हरावर ठेवून तिनं यंत्राचा दांडा खाली ओढला.

"एका कडेला दाब कमी पडतोय तुझा," सासूबाई म्हणाल्या. "सरक. इस्त्रीचं काम आहे हे." आणि त्यांनी दांडा हातात घेतला. उस्तादांची बस कव्हरावर उमटली ती कडेपर्यंत स्वच्छ.

त्या दाबत राहिल्या, ही कागद काढत राहिली. मध्येच ती म्हणाली, "आई, तुमचं खातं मी वेगळं करते."

सासूबाईंचा हात थांबला. "इतकी वर्षं एका घरात नांदलो. आता म्हातारपणी वेगळं काढतेस मला?"

"घर तेच हो. टॅबमध्ये फक्त तुमचं सामान राहील. परकं तोंड एक येणार नाही."

"तुझंही?"

"तुम्ही बोलावलंत तर येईन."

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग पुढचं कव्हर दाबून, हात पुसून, टॅब पुढे केला. काचताईनं नवीन खातं उघडलं आणि पासवर्डाच्या चौकटीपर्यंत आणून त्यांच्या हातात दिलं. घरातला प्रत्येक पासवर्ड आजवर तिनंच ठेवला होता.

सासूबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"तिकडे तोंड कर," त्या म्हणाल्या.

काचताईनं रस्त्याकडे तोंड फिरवलं. मागून एकेक अक्षर सावकाश दाबल्याचा आवाज येत राहिला.