जावयाच्या गाडीला देवी आल्या

भर उन्हाळ्यात माझ्या जावयाच्या पांढऱ्या गाडीला देवी आल्या, आन् त्या मी माझ्या हातानं आणल्या.

माझी लेक सुमन नांदेडला दिलेली. जावई तिथं रक्त तपासायच्या ठिकाणी कामाला हायत. काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आन् दुर्बिणीतून दिवसभर ते डाग बघत बसायचं, हेच काम. असा माणूस काचेच्या बाबतीत किती कडक असंल ते तुमीच समजून घ्या. जेवायला बसले की आधी चमचा रुमालानं पुसतात. मंग रुमाल झटकतात, घडी करतात, खिशात ठेवतात. तवर भाजी थंड झालेली असती.

गेल्या साली त्येंनी नवी गाडी घेतली. सुमननं एकदा बसल्या बसल्या कपाळाची टिकली काढली आन् गाडीच्या आरशाला चिकटवली. आता बाईमाणूस टिकली आरशाला न्हाई लावणार तर कुठं लावणार? (आमच्या घरच्या आरशाला इतक्या टिकल्या हायत की तोंड बघायला जागा शोधावी लागती.) पण ती टिकली काढल्यावर डिंकाचा डाग राह्यला. जावई म्हणले, तुमच्या माहेरी वस्तूची कदरच न्हाई. ही म्हणली, माझ्या माहेराचं नाव काढायचं न्हाई. बोलण्यानं बोलणं वाढलं आन् सुमन पिशवी घेऊन एष्टीनं माझ्याकडं आली. चार महिने झाले. एका टिकलीपायी.

घरात आमी दोघीच. ती बोलायची न्हाई, मी इचारायची न्हाई. भाकरी थापता थापता मधीच फोनकडं बघायची, आन् तव्यावरची करपायची. चार महिने मी करपलेल्या भाकरी खाल्ल्या, पण बोलले न्हाई.

तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला. तीन सालातून एक बार हा जास्तीचा महिना येतो आन् त्यात जावयाला बलावून, पाय धुऊन, अनारसे खाऊ घालायचे असतात. मला निमित्त घावलं. मी फोन केला. जावई म्हणले, बघतो. दोन दिवसांनी म्हणले, येतो.

सुमन मला म्हणली, "माय, मला न्या म्हणून तू त्येंला म्हणायचं न्हाई. त्येंच्या मनानं नेलं तरच मी जाईन. आन् या बारीला आपल्याकून काई चुकू देऊ नको."

मी म्हणलं, माझ्याकून काय चुकायचंय?

जावई आले. मी पाय धुतले, टिळा लावला, ताटात तेहतीस अनारसे ठेवले. त्येंनी चार खाल्ले. चमचा पुसायचा बी विसरले. मी सुमनकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. काम होऊन राहिलं व्हतं. जेवण झालं, जावई आतल्या खोलीत पंख्याखाली आडवे झाले, आन् सुमन भांडी घासायला मागं गेली.

मी अंगणात आले तर गाडी उन्हात उभी. जवळा बाजार गावाकडून येणाऱ्या रस्त्याची सगळी धूळ तिच्या अंगावर. माझ्या मनात आलं, जावयाचे पाय धुतले, तर जावयाला जिनं आणलं तिचे काहून धुवायचे न्हाई? चारी चाकं धुतली. कुंकू लावलं. चाकं चकचकली तवा वरचं अंग लईच मळकं दिसू लागलं. मंग बोअरची मोटार चालू केली, नळी धरली आन् गाडीला डोक्यावरून न्हाऊ घातलं. म्हणलं, उठल्यावर बघू दे, आमच्या घरी वस्तूची किती कदर हाय ते.

आता आमच्या बोअरचं पाणी कसं हाय ते सांगते. त्यात डाळ शिजत न्हाई. सकाळी चुलीवर ठेवली तर दिवस मावळेस्तोर दाणा जागचा हलत न्हाई. डाळीसाठी मी शाळेजवळच्या हापश्यावरून गोडं पाणी आणते. गावात नवी सून आली की पहिल्या दिवशी मीच तिला हे सांगायला जाते. (कुणी बलावत न्हाई. मीच जाते.) इतकं सगळं ठाऊक असून मी तेच पाणी भर दुपारी तापलेल्या काचेवर मारलं.

पाणी पडल्या पडल्या वाळलं. पुढच्या काचेवर एक पांढरा ठिपका उठला. मंग दहा. मंग अंगभर. मी लहान असताना आमच्या गावात देवी आल्या व्हत्या, डिट्टो तसं.

मी वला फडका मारला. ठिपके गेले! जीव भांड्यात पडला. फडका पिळेस्तोर परत आले. परत फडका मारला, परत गेले, वाळले की परत हजर. मंग माझ्या डोक्यात आलं की काच वली असली म्हणजे डाग दिसत न्हाईत, तर जावई जाईस्तोर तिला वलीच ठेवू. म्हणून मी गाडीभवती गोल फिरत नळी मारत राह्यले. त्याच बोअरच्या पाण्याची. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर ध्यानात आलं की मी देवीवर देवी चढवून राहिले.

कुडाच्या पलीकून मुमताजबी हे बघत व्हती. ती माझी शेजारीण, तिच्या घरात तीन पिढ्या बांगड्यांचा धंदा. ती म्हणली, "काच के मामले में पहले मेरेकू पूछना था ना, अक्का. पानी का दाग पानी से नै जाता. खट्टा लगता उसकू."

आंबट म्हणजे घरात जावयाच्या सरबतासाठी आणलेले पाच लिंबं. मी दोन कापले, ड्रायव्हरच्या बाजूची काच घासली. खरंच निघालं! मुमताजबी कुडापलीकून मान हलवत राह्यली, जशी तिनंच लिंबाचं झाड लावलंय. पाच लिंबं संपले तवा अर्धी काच साफ झाली. मी काचा मोजल्या. सहा निघाल्या. आन् जी अर्धी साफ झाली तिच्यामुळं बाकीच्या साडेपाच अजूनच रोगी दिसू लागल्या.

मंग मी चिंच काढली. तांब्या-पितळेला आमी चिंच-मीठच लावतो. पातेलंभर कोळ केला, मूठभर मीठ घातलं आन् सगळ्या काचांना लेप दिला. थोडं मुरू द्यावं म्हणून सावलीत टेकले. उन्हानं लेप मुरला न्हाई, सुकला. खालच्या पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी वघळ आले. मुंगळ्यांची एक रांग चाकावरून वर निघाली, कुंकवाला वळसा घालून.

सुमन भांडी घासून पुढं आली. ओरडली न्हाई. दाराच्या उंबऱ्यावर खाली बसली.

"माय, काय करून राहिली?"

"साफ करून राहिले."

तिनं कपाळाला हात लावला. मंग हळूच म्हणली, "ते उठले. सरबत मागून राहिले."

"लिंबं न्हाईत. गाडीनं पेले."

ती आत जाऊन कैरीचं पन्हं करू लागली. मला भांड्याचा आवाज येऊन राहिला व्हता, आन् त्या आवाजातच समजत व्हतं की लेकीनं आशा सोडली. चार महिने जी सोडली नव्हती ती.

मी पातेलं घेऊन हापश्याकडं निघाले, गोडं पाणी आणावं म्हणून. हे मी अजून दोन घंटे आधी करायला पाह्यजे व्हतं. अंगणाच्या तोंडाशी पोचले आन् मागं टाप वाजली. मुमताजबीची बकरी. चिंच आन् मीठ, दोन्ही तिच्या आवडीचं. ती बॉनेटवर चढली, पुढचे दोन पाय काचेला टेकले आन् जेवायला सुरुवात केली. मी धावले, पातेलं वाजवलं. ती घाबरून खाली यायची सोडून टपावर गेली.

आन् तवाच जावई पन्ह्याचा गलास घेऊन दारात आले.

बकरी चाटायची थांबली. त्येंनी गलास खाली ठेवला, खिशातून रुमाल काढला, आन् एवढ्या गाडीवर तो कुठून सुरू करावा हे न कळून तसाच हातात धरून उभे राह्यले.

मी जावयासमोर कधी मोठ्यानं बोलत न्हाई. पण त्या दिशी पदर सारखा केला आन् म्हणलं, "जावईबापू, हे माझं काम हाय. लेकीचा हात लागला न्हाई. तुमी तिला घेऊन जा, गाडी राहू द्या इथं. मी घासत बसते."

झालं! जे म्हणू नको म्हणून लेकीनं बजावलं व्हतं, तेच मी सगळ्यात आधी म्हणलं. सुमननं डोळे मिटून घेतले.

जावई काचेजवळ गेले. दुर्बिणीत बघितल्यासारखे लई जवळून बघत राह्यले. बोटानं एक ठिपका खरवडला.

"क्षार आहेत हे, मामी. बोअरचं पाणी ना? आंबटानंच निघतात." बोट रुमालाला पुसलं आन् म्हणले, "चिंच अजून आहे का?"

चिंच व्हती. बकरी मुमताजबीनं कान धरून नेली. (तिनं चाटलेला तुकडा सगळ्यात साफ निघाला, हे मी तवा बोलले न्हाई.) हापश्याचं पाणी मी वाहून आणलं. जावई बाह्या सारून बाहेरून घासू लागले आन् सुमन गाडीत बसून आतून, नळीचं पाणी फटीतून आत बी शिरलं व्हतं. मधी एक काच. चार महिन्यांनी दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"हा डाग तुझ्या बाजूला आहे."

"माझ्या न्हाई, तुमच्या बाजूला हाय."

"नीट बघ, तुझ्याच बाजूला आहे."

"मी घासून घासून थकले, तुमीच घासा एकदा."

म्हणलं, परत सुरू झालं. घागर टाकून धावले तर दोघं हसून राहिले व्हते. डाग कुणाच्या बाजूला व्हता ते मला शेवटपोत समजलं न्हाई.

सांच्याला गाडी उजळली. बॉनेटवर तेवढा बकरीच्या खुराचा एक ओरखडा राह्यला. जावयानं तो रुमालानं पुसला, परत पुसला, मंग सुमनला म्हणले, "टिकल्यांचं पाकीट आहे ना तुझ्याकडं?" आन् एक लाल टिकली स्वतःच्या हातानं त्या ओरखड्यावर लावली.

सुमननं तिची पिशवी आणली. आता कुणी न्या म्हणलं न्हाई, कुणी जा म्हणलं न्हाई. मी दोघांच्या हातावर दही दिलं. उरलेले अनारसे डब्यात घातले. गाडी सुरू झाली तवा माझ्या मनात आलं, एवढ्या घासल्या गाडीला कुणाची नजर लागू नये. घाईनं दारातल्या रांजणातून तांब्या भरला, भाकरीचा तुकडा घेतला, गाडीवरून तीनदा ओवाळला आन् पाणी जोरात टाकलं. जमिनीवर टाकायचं असतं. पुढच्या काचेवर गेलं.

रांजणात पाणी बोअरचंच व्हतं.

गाडी गेली. रात्री झोपायच्या येळेला सुमनचा फोन आला. "माय, पोचलो." मागून जावयाचा आवाज आला, "मामींना सांग, काचेवर देवी परत उठल्यात." मंग दोघांचं हसू.

त्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, हे मी गावाला सांगत फिरते. या गावात नांदायला आले त्याला पन्नास वर्सं झाली. त्याच पाण्यात मी बी अजून कच्चीच हाय.