खाणआजोबांचं वरण

जपानमधल्या निशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीचे रखवालदार आजोबा वरणही आवडीने खात आणि भातही; पण वरण-भात खात नसत. वाटीतलं वरण वेगळं प्यायचे, भात वेगळा खायचे, आणि मी माझ्या भातावर वरण ओतलं की डोळे गच्च मिटून घ्यायचे.

ते मूळचे दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचे, कोळशाच्या खाणीतले. म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव खाणआजोबा. खाणकामगाराच्या घरी भातावर सूप ओतायचं नाही, असा त्यांच्याकडे दंडक. भाताचा ढीग ढासळला की खाणीचं छतही ढासळतं म्हणे! "पण आजोबा, तुमची खाण बंद होऊन वीस वर्षं झाली," मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हणायचे.

"बंद नाही, ओकुसान. थांबली आहे." ओकुसान म्हणजे वहिनी, असं मी आपलं माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

आखाती युद्धात तेल महागलं तेव्हा सगळे चिंतेत, आणि आमच्या आजोबांचा आनंद गगनात मावेना. जुनं हेल्मेट घासूनपुसून त्यांनी लख्ख केलं. आता कोळशाला बोलावणं येणार! ते काही आलं नाही. मग हेल्मेट वाया कशाला घालवा, म्हणून ते घालून आमचा कचरा तपासू लागले. तिथे प्रत्येक कचऱ्याचा वार वेगळा; बाटल्यांच्या दिवशी पत्र्याचे डबे टाकणाऱ्या माझ्या नवऱ्याला त्यांनी पिशवीसकट घरी परत पाठवलं. खाणीतही हे मुकादमच असणार, याबद्दल माझी खात्री पटली.

मुंबईहून आणलेली तूरडाळ मी जपून वापरायचे, पण रविवारी दुपारी त्यांची वाटी ठरलेली. "एकदा कालवून बघा हो, काही होत नाही," मी चिडवायचे.

"तुमचे यजमान बँकेत जातात, म्हणून म्हणता. माझी माणसं परत खाली उतरायची आहेत."

आमच्या बदलीचा हुकूम आला, त्याच महिन्यात त्यांच्या गावाहून पत्र आलं. कामगारांची ओस पडलेली घरं पाडणार होते. कुणाला बघायची असतील तर बघून जा. आजोबा हेल्मेट घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परतले.

रविवारी जेवायला आले. मी गावाचं विचारलं.

"शाळेच्या छतातून झाड वर आलंय. माझ्या घराचं दार वेलींत सापडेना." मग म्हणाले, "खाणीचं तोंड काँक्रीटने बुजवलंय. ठोकून पाहिलं. पक्कं काम आहे."

एवढं बोलून त्यांनी वाटी उचलली आणि सगळं वरण भातावर ओतलं. डोळे उघडे ठेवून. चमच्याने बेताने कालवलं, एक घास खाल्ला.

"तुमचं खरं होतं, ओकुसान. असंच छान लागतं."

तीन वर्षं मी त्यांच्यामागे हाच धोशा लावला होता. आता मात्र मला रडू यायला लागलं. माझी वाटी मी बाजूला सरकवली आणि भात कोरडाच खाल्ला.