चौघांसाठी खोली

माझ्या साडूंइतका छळवादी माणूस पुण्यात दुसरा असेल, तर तो मला अजून भेटलेला नाही आणि कधी भेटू नये अशी माझी रोजची प्रार्थना आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला शनिवार पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. वय पासष्ट. एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर माल समोर यायचा बंद झाला, तेव्हा त्यांनी बाकीच्या जगाची तपासणी हाती घेतली. जिलबीचा पाक, लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन, रिक्षाचा सायलेन्सर, माझं पोट, असं जे दिसेल ते ते डोळे बारीक करून पाहतात आणि नापास करतात. त्यांच्या हातून आजवर एकच वस्तू पास झालेली मी पाहिली आहे, ती म्हणजे त्यांची स्वतःची सायकल.

ही सायकल रोज त्यांच्या खांद्यावरून तीन मजले चढते आणि बैठकीच्या खोलीत खिडकीशी उभी राहते. पूर्वी तिथे सोफा होता, तो आता आमच्या घरी आहे. घरची माणसं मोजताना साडू तिला मोजतात. एकदा लोणी काळभोरला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सगळे मोटारीनं गेलो, हे सायकलीवरून, आणि आमच्या आधी पोचून मांडवाच्या दारात घाम पुसत उभे. मुलीचे काका अदबीनं म्हणाले, "पाव्हणं, सायकल हितंच ऱ्हाऊ द्या की. कोन न्हेत न्हाई." साडू म्हणाले, "कुणी नेत नाही ते मला माहीत आहे. पण तीही आमंत्रणावरूनच आली आहे." मग पंगतीत त्यांच्या खुर्चीला टेकून सायकल, शेजारी ताई आणि ताईंच्या शेजारी मान खाली घालून मी, असे आम्ही जेवलो. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजूनही आहेत असं आम्हाला वाटत राहतं.

तर अशा माणसाचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी कामातून गेले. डॉक्टरांनी फोटो पाहून शस्त्रक्रियेची तारीखच दिली. नंतर चालता येईल, जिने हळूहळू चढता येतील, पण घाटबिट विसरा, असं स्पष्ट सांगितलं. साडूंनी डॉक्टरांचा दवाखाना नापास केला, पण तारीख मान्य केली. आणि घरी येऊन जाहीर केलं, की त्याआधी आपण एकदा ताम्हिणी उतरून समुद्रापर्यंत जाणार आणि ताम्हिणी चढून परत येणार. ताईंनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. "तुम्ही यांच्याबरोबर जायचं," ताई म्हणाल्या. "गुडघा सुजला की त्या क्षणी मला फोन. मी त्यांना गाडीत घालून परत आणीन. आणि खोटं बोललात तर माझ्याशी गाठ आहे." मी आयुष्यात सायकल चालवली ती कॉलेजात, तीही उतारावर. पण ताईंना नाही म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. मी ऑफिसातल्या एकाची गिअरची सायकल मागून आणली आणि महिनाभर पहाटे उठून दमलो.

सामानाची तपासणी साडूंनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर केली. माझ्या टूथब्रशची दांडी अर्धी कापली. टॉवेल मधोमध फाडून निम्मा परत दिला. चष्म्याचं घर घरीच ठेवायला लावलं, कारण "चष्मा नाकावर असताना घराला काय काम?" एवढं करून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांचा गच्च भरलेला स्टीलचा डबा ठेवला. मी डब्याकडे पाहिलं. "हे सामान नाही," ते म्हणाले, "औषध आहे." त्या औषधातला एकही लाडू त्यांनी जातानाच्या वाटेत मला दिला नाही.

पण माझ्या सहनशक्तीचा खरा कस लागला तो हॉटेलच्या फोनांनी. म्हसळ्याच्या पुढे, समुद्राला लागून, सुपारीच्या वाडीत एक लहानसं हॉटेल होतं आणि त्याच्या पाटीवर 'सायकलस्वारांचे स्वागत' असं लिहिलेलं आहे, हे साडूंनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. स्वागत म्हणजे नेमकं काय, हे विचारायला त्यांनी मालकांना रोज फोन लावला. सायकल धुवायचं पाणी गोडं की खारं? पंप हाताचा की पायाचा? नाश्ता साडेपाचला मिळेल का, आणि नाश्ता म्हणजे नाश्ता, बिस्किटं नव्हेत. मालक पडले कोकणातले. ते प्रत्येक प्रश्नाला गोड आवाजात म्हणत, "होईल हो." साडू विचारत, "होईल म्हणजे आहे का नाही?" पलीकडून उत्तर येई, "होईल की." शेवटच्या फोनला मी शेजारीच बसलो होतो. साडू म्हणाले, "हे पाहा, आम्ही चौघं आहोत. कुणीही उघड्यावर झोपणार नाही. चौघांची व्यवस्था अगदी एकसारखी हवी." मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण मी चहा पीत होतो.

पहिल्या दिवशी मुळशीच्या पुढे टपरीवर एकानं कौतुकानं विचारलं, "पुण्याहून सायकलवर आलात?" साडू म्हणाले, "नाही, सायकली येत होत्या, त्यांच्यावर बसलो." मग घाट उतरून माणगावचा मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी चढ-उतारांनी माझी हाडं मोजून घेतली. दुपारी आम्ही हॉटेलच्या फाटकात शिरलो, तर मालक आणि मालकीणबाई स्वागताला उभे. दोघंही आमच्या डोक्यावरून मागच्या रस्त्याकडे पाहत होते. "बाकीचे दोघं मागून येताहेत का?" मालकांनी विचारलं.

"कोण दोघं?"

"चौघं म्हणाला होतात ना आपण?"

कोणीही शहाणा माणूस इथे हसला असता, ओशाळला असता. आमच्या साडूंनी एकेक बोट दाखवून मोजलं : मी, ते, त्यांची सायकल, माझी सायकल. "चौघं आलो आहोत," ते म्हणाले. मालकांनी दोन्ही सायकलींकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं. मग या चौघंही." या माणसाबद्दल मला त्या क्षणापासून आदर आहे. त्यांनी नियमाप्रमाणे चौघांची आधार कार्डं मागितली. साडूंनी ताबडतोब सायकली उलट्या करून खाली कोरलेले नंबर दाखवले आणि मालकांनी ते रजिस्टरात उतरवून घेतले. खोलीत चार खाटा होत्या. चारींवर पांढऱ्या चादरी, चार टॉवेल, चार साबणाच्या वड्या. मला वाटलं, दोन खाटा बाहेर काढतील. पण मागितलेली व्यवस्था नाकारणं साडूंच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी जुनी वर्तमानपत्रं मागवली, खाटांवर पसरली आणि सायकली झोपवल्या. खिडकीकडच्या दोन खाटा वाऱ्याच्या म्हणून सायकलींना मिळाल्या. मला न्हाणीघराच्या दाराजवळची.

जेवायला चार पानं मांडली होती. मालकीणबाईंनी चौघांच्या हिशेबानं मोदक केले होते आणि ते परत पाठवणं म्हणजे बाईंचा अपमान, असं साडूंनी मला कानात बजावलं. त्यांना स्वतःला वजन वाढवायची बंदी होती. म्हणून दोन्ही सायकलींच्या वाटणीचे मोदक मी खाल्ले. एकूण सोळा. साडू समोर बसून मोजत होते आणि एका मोदकाला कळ्या कमी आहेत असं म्हणत होते.

त्यानंतरचा दिवस विश्रांतीचा होता. साडूंनी त्या दिवशी हॉटेलची तपासणी करून एकोणीस त्रुटी कागदावर लिहून दिल्या आणि मग त्या स्वतःच दुरुस्त करायला बसले. पंपाचा वायसर बदलला, सायकली टांगायला भिंतीत आकडे ठोकायची जागा आखून दिली. मालक मागे उभं राहून "होईल हो, होईल" म्हणत होते. मी झोपाळ्यावर पडून हे पाहत होतो आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की हा माणूस सकाळपासून स्टुलावरून उठलेला नाही. हातोडी मालकांनी आणून द्यायची, खिळे मी आणून द्यायचे. असल्या उकाड्यात पायात लांब विजार. संध्याकाळी ते खाटेवर बसलेले असताना मी सरळ जाऊन ती विजार वर केली. उजवा गुडघा इतका सुजला होता की वाटी कुठे आहे ते कळत नव्हतं.

"समुद्राची हवा आहे," साडू म्हणाले. "दमट असते."

आणि नेमका ताईंचा फोन वाजला. "गुडघा कसा आहे?" त्यांनी विचारलं. साडू माझ्याकडे पाहत होते. एरवी ते माझ्याकडे डोळे बारीक करून पाहतात, तसं पाहत असते तर मी खरं सांगून मोकळा झालो असतो. पण ते मुंजीत हट्ट धरलेल्या मुलासारखे पाहत होते. खरं सांगितलं तर उद्या गाडी येणार, घाट राहून जाणार आणि पुन्हा कधी व्हायचा नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "छान आहे," मी म्हणालो. "समुद्रही छान आहे." एवढं बोलताना माझ्या कपाळावर घाम आला. मी फोन ठेवल्यावर साडूंनी डबा उघडला आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मला तो गिळवेना. मला त्यांचा राग आला होता, माझा त्याहून जास्त.

सकाळी ओहोटी होती. मालक म्हणाले, की पाणी मागे गेलं की वाळू रस्त्यासारखी कडक होते, आणि साडू हट्टानं सायकल घेऊन निघाले. खाऱ्या पाण्याच्या जवळपास जिला ते फिरकू देत नव्हते, तिला त्यांनी सरळ पुळणीवर नेलं. मी आणि मालक सुरूच्या झाडांखाली उभे राहिलो. साडू पार टोकापर्यंत गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले. लांबून फार छान दिसत होतं. जवळून जाताना मात्र मला दिसलं, की ते एकाच पायानं पायडल मारताहेत, उजवा पाय नुसता वर-खाली जातोय आणि दर फेरीला त्यांचा ओठ दाताखाली येतोय. तासाभरानं ते आमच्यासमोर थांबले. डावा पाय त्यांनी वाळूत टेकवला, पण उजवा काही दांडीवरून पलीकडे येईना. दोनदा प्रयत्न केला. मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, "जरा सायकल आडवी करता का?" मालकांनी त्यांना धरलं, मी सायकल वाळूवर निजवली आणि साडू तिच्यातून बाहेर पडले.

त्यांनी वाकून बाहीनं हँडलवरची वाळू पुसली. मग म्हणाले, "लावा तिला फोन. मी बोलतो."

काय बोलले ते मी ऐकलं नाही. विहिरीच्या गोड्या पाण्यानं मी सायकल धुतली, मागून सूचना येत होत्या. ताईंची गाडी पुण्याहून यायची गरज पडली नाही, कारण मालकांचा नारळाचा टेम्पो होता आणि ते स्वतःच आम्हाला सोडायला निघाले. साडू पुढे बसले, सायकली मागे, मी सायकली धरून त्यांच्यात. घाटाच्या पायथ्याशी टेम्पो थांबला आणि साडू खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "माझी सायकल उतरवा. तुम्ही बसा तिच्यावर."

मी हात जोडले. मी चौपन्न वर्षांचा आहे, हे सांगितलं. मालकांनीही माझी बाजू घेतली. "ती हा घाट चाकांवर उतरली आहे," साडू म्हणाले, "चाकांवरच चढणार. माझ्यानं होत नाही." हे शेवटचे तीन शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. मी सायकल उतरवली.

ताम्हिणी मी कसा चढलो ते माझं मला ठाऊक. मागे पहिल्या गिअरमध्ये टेम्पो, खिडकीतून बाहेर निम्मे साडू. "गिअर पाडा! अहो, पाडा म्हणजे हलका करा! हँडल काय पिळताय, ते धुणं आहे का?" मी सहा वेळा थांबलो. प्रत्येक वेळी टेम्पो थांबे, एक लाडू खिडकीतून बाहेर येई आणि "पाच मिनिटं झाली" असा पुकारा होई. त्यांना आणि त्यांच्या सायकलीला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

मालकांच्या खांद्याचा आधार घेत साडू खाली उतरले. लंगडत आले, टायर दाबून पाहिला, चेन पाहिली, मग डोळे बारीक करून मला पाहिलं. मी नापास व्हायच्या तयारीनं उभा राहिलो.

"बरे चढलात," ते म्हणाले. "पण सीट तुमच्या मापाला उंच पडते. घरी गेलं की दोन बोटं खाली घेऊ."

आपली सायकल ते मला देत होते, आणि तेही तपासणीचा शेरा मारल्यासारखं. इतकी वर्षं या माणसानं मला छळलं, पण असं कधी छळलं नव्हतं. "राहू द्या," मी कसाबसा म्हणालो, "आहे तशीच ठीक आहे. मला उंचच बरी."

एरवी त्यांनी यावर अर्धा तास वाद घातला असता. त्यांनी नुसती मान हलवली, सीटवरून एकदा हात फिरवला आणि टेम्पोत जाऊन बसले.