ज्वारीच्या कोठीतलं लुगडं

ज्या तापानं बायको गेली, त्याच तापानं माझं नाक बंद पडलं. मी वाचलो, पण कशाचाच वास येईना. गोठ्यात शेणाचा न्हाई, चुलीपाशी धुराचा न्हाई.

दहाव्याला तिचे कपडे देऊन टाकले. एक लुगडं मी अडवून ठेवलं, न धुतलेलं. खोबरेल, मिश्री, घाम, सगळा तिचा वास त्यात असणार. मलाच येत नव्हता. नाक परत येईपर्यंत तो टिकवायचा होता. आमच्याकडं टिकवायची चीज ज्वारीच्या कोठीत जाते. मी नीट घडी घातली, किडा लागू नये म्हणून आत कडुलिंबाचा पाला भरला आणि लुगडं ज्वारीत खोल पुरलं.

भालकीच्या डॉक्टरनं नाकात बॅटरी मारून बघितलं. म्हणाला, "अप्पा, वास म्हंजे त्या जिनसेचेच बारीक कण. उडून नाकात चढतात. वर, डोळ्यांच्या मधे, ते ओळखायची जागा हाय. तिला मार बसलाय. रोज सकाळी लवंग, लिंबू हुंगा. आधी वास कसा होता ते आठवायचं, मग हुंगायचं."

तेच करत बसलो. सून चिडवायची. सासूला ती आत्या म्हणायची, मला मामा.

"मामा, भाजी करपली तरी गुमान जेवायलाव. आत्या असत्या तर ताट फेकलं असतं तुमी."

"फेकलं असतं. मग तिनं दोन्ही वेळ उपाशी ठेवलं असतं."

बरेच महिने गेले. एका सकाळी लवंगेचा वास नाकात चरचरत शिरला. तसाच उठलो, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला, लुगडं ओढून तोंडाला लावलं.

कडुलिंब. नुसता कडुलिंब, आणि ज्वारीची धूळ. पदर हुंगला, काठ हुंगला, निऱ्या खोचायची ती जागा हुंगली. तिचा वास कुठंच न्हाई. पाल्यानं सगळा खाल्ला होता.

"कामून रडायलाव, मामा? नाक आलं न्हाई का अजून?"

"आलंय."

ती मग खाली बसली, काठाचं एक टोक नाकाला लावून म्हणाली, "येतोय की हितं. आत्याच्या तेलाचा."

मी तिथंच नाक लावलं. मला न्हाई आला. पोरगी खोटं बोलली, का माझं नाक अजून अर्धंच आलंय, ते मी विचारलं न्हाई.