उजव्या पायातला मोजा

आमच्या चर्चच्या मंडळीत उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच कमरेला टॉवेल गुंडाळून खाली बसतात आणि खुर्च्यांवर बसलेल्यांचे पाय धुतात. आता हे पाय कसे असतात तेही ऐका. त्या दुपारी आमच्या घराघरांतल्या मोरीत वज्री फिरत असते. टाचा घासून, नखं कापून, वर पावडर लावून लोक येतात. बायका तर नेलपॉलिशही ताजं लावतात. धुवायला न्यायचे पाय आधी धुवून न्यायचे, ही आमची रीत. मळके पाय दुसऱ्याच्या हातात कोण देणार?

आमचे हे त्या पंचांपैकी एक. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मंडळी हेच त्यांचं जग. विधीच्या आदल्या दिवशी ते चर्चचं पितळी घंगाळ घरी आणायचे आणि चिंच लावून स्वतः घासायचे. मला हात लावू देत नसत. पाय धुवावेत तर त्यांनीच. पाण्याची ऊब कोपराने बघायची, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या आणि शेवटी त्या पायावर कपाळ टेकवायचं. लोकांना रडू फुटायचं. एवढा नम्र माणूस मंडळीत दुसरा नाही, असं सगळे म्हणायचे. घरी आल्यावर मी आमटी-भात वाढत असले की हे हळूच विचारायचे, "कपाळ टेकवलं ते मागच्या बाकांवरून दिसलं का गं?"

"दिसलं हो," मी म्हणायची. "तुमचं टक्कल चमकत होतं."

इतर पंच आळीपाळीने खुर्चीवरही बसत. हे कधीच बसले नाहीत. गर्व म्हणजे छाती काढून चालणं, असं मला लहानपणापासून वाटायचं. आमच्या घरात तो गुडघे टेकून बसत होता, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. यांना साखरेचा आजार जुना आहे, पायाला टाचणी टोचली तरी कळत नाही. ऊन मी म्हणत होतं, आमच्या वडगाव शेरीच्या फ्लॅटमधला पंखा गरम वारा फेकत होता आणि हे घरात मोजे घालून बसलेले.

"अहो, मोजे काढा की."

"पायाला धूळ लागते."

"सकाळीच फरशी पुसलीय मी."

"मग तुझ्या फरशीला माझी धूळ लागू नये म्हणून घातलेत असं समज."

मग एका मोज्यावर पिवळट डाग दिसला, आणि वास आला. नव्या चपलेने डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती आणि ती पिकली होती. मी बघायला गेले तर हे न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावून घेतली. "माझं मी बघतो," आतून आवाज आला. "बाहेर कुठे बोलायचं नाही. मुलीला तर मुळीच नाही." मी ओरडले, रडले, डॉक्टरांना घरी बोलावते म्हणाले. विधी होऊ दे, मग जाऊ, एवढंच उत्तर.

विधीच्या संध्याकाळी गुडघे दुखतात असं सांगून हे खाली बसले नाहीत, बाकावरच राहिले. आमच्याकडे बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, त्यामुळे मी पार पलीकडे होते. आमचे पाळकसाहेब वयाने तरुण आणि मनाने हळवे. ते घंगाळ उचलून सरळ यांच्या बाकाशी आले.

"काका, इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांचे धुतलेत. आज तुमचे पाय मला द्या."

मी श्वास रोखला. देवानेच धाडलं, असं मला वाटलं. आता मोजा निघेल, सगळ्यांना दिसेल, लाज वाटेल आणि पाय वाचेल.

यांनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले. "नको हो, पाळकसाहेब. मी कोण? माझी कसली लायकी?"

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथेच उभं राहून मंडळीला सांगितलं की नम्रता बघायची असेल तर या माणसाकडे बघा. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात दाबला. "भाग्यवान आहेस गं," ती म्हणाली. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, पण सगळं चर्च रडत असताना मी काय ओरडणार होते?

ईस्टर झाला आणि यांना ताप भरला. खराडीहून मुलगी ऑफिस टाकून धावत आली. तिने मोजा काढला आणि तोंडावर हात ठेवून बाहेर गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. पाळकसाहेब भेटायला आले आणि म्हणाले, "काका, किती शांतपणे सोसलंत." यांनी मान खाली घातली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला भयंकर राग आला होता.

आता उजवा पाय उरला आहे. रोज धुवा, कोरडा करा, तळवा नीट बघा, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि गेल्या काही दिवसांपासून हे पुन्हा घरात मोजा घालून बसतात.

मी पाणी कोमट करते, टब घेऊन यांच्यासमोर खाली बसते. हे माझ्या खांद्यावर हात ठेवतात. "अगं, उठ. तुझे गुडघे आधीच दुखतात. मी असा कोण मोठा लागून गेलो, की तू माझा पाय धुवावास?" त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं आणि ते खोटं नसतं. तीच तर पंचाईत आहे. ढोंग असतं तर मी एका वाक्यात उघडं पाडलं असतं.

प्रभूला पाय धुऊ न देणाऱ्या त्या शिष्याची गोष्ट हे प्रार्थनासभांतून कितीदा सांगायचे. त्याचं नको म्हणणं हाही गर्वच होता, असं समजावायचे. मी त्यांना त्याची आठवण करून दिली. "ते वेगळं," हे म्हणाले. आमच्या पुण्यात 'ते वेगळं' म्हटलं की वाद संपतो.

मुलीने विचारलं की हे म्हणतात, "तुझी आई रोज बघते." मी तिच्यासमोर नाही म्हणाले, तर हे दोन दिवस जेवले नाहीत. पाळकसाहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "काकू, एवढ्या नम्र माणसावर जबरदस्ती कशी करायची? वेळ द्या त्यांना." वेळ. तेवढाच आमच्याकडे नाही.

परवा मी मोजा ओढायलाच गेले. यांनी माझं मनगट धरलं. "एक पाय गेला," ते म्हणाले. "आता एवढं तरी माझं मला राहू दे." मी मनगट सोडवून घेतलं नाही. टबातलं पाणी गार झालं तशी उठले आणि ते मोरीत ओतून आले.

आयुष्यभर मी प्रार्थनेत काय काय मागितलं, शांती मागितली, नम्रता मागितली, मोठमोठे शब्द वापरले. आता डोळे मिटले की एवढंच येतं. देवा, यांना मोजा काढू दे.