थांबाबाई नापास होतात

इस्पितळाच्या तळघरात, रक्त तपासायच्या जागेच्या मागे, एक बिनखिडकीची खोली होती. बाहेरचा प्रत्येक फोन आधी तिथे यायचा आणि मग वॉर्डात, औषधांच्या दुकानात किंवा डॉक्टरांच्या केबिनमध्ये जायचा. खोलीला खिडकी नाही याबद्दल तिथले सगळे कुरकुरायचे, एका थांबाबाईंना सोडून. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. खिडकी असली काय नि नसली काय, वारा पंख्याचाच.

'थांबा, जोडून देते' हे वाक्य त्या दिवसभर म्हणायच्या, म्हणून त्यांचं नाव थांबाबाई. फोनवरचा माणूस कितीही भडकलेला असो, बाईंचं 'थांबा' कानावर पडलं की थांबायचा. एकदा घरी भांडण ऐन रंगात आलेलं असताना त्या नवऱ्याला तसंच 'थांबा' म्हणाल्या, तर तोही मुकाट्याने थांबला. आपण का थांबलो हे न कळल्याने नंतर दोन दिवस धुसफुसत राहिला. आपल्या आवाजाचा बाईंना चांगलाच अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

दरवर्षी एकदा त्या खोलीवर ऑनलाइन प्रशिक्षण कोसळायचं. हात कसे धुवायचे, पासवर्ड कसा ठेवायचा, आग लागली तर काय करायचं. ते कोणीच वाचायचं नाही. दुपारी फोन जरा थंडावले की शेजारच्या टेबलावरचा क्लिकदादा उठायचा आणि खुर्ची सरकवत प्रत्येकाच्या कॉम्प्युटरपाशी जायचा. "सरक जरा," म्हणायचा आणि पुढे, पुढे, पुढे करत त्या माणसाला पास करून टाकायचा. उत्तरं त्याला पाठ होती. प्रश्न काय असतात, ते मात्र त्याला कधी आठवायचं नाही.

इतरांचं तो त्यांच्या आळसापोटी करायचा आणि बाईंचं कळवळ्यापोटी. काम तेच.

"तू चहा घे," तो बाईंना म्हणायचा. "तोवर मी तुला आगीतून बाहेर काढतो."

बाई चहा घ्यायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होता, त्याला त्या पोपट म्हणायच्या. एरवी पोपट घडाघडा बोलायचा. प्रशिक्षणात मात्र तो 'बटण. बटण. चित्र. बटण,' एवढंच म्हणत राहिला. बाईंनी पाच मिनिटं ऐकलं आणि चहा मागवला. डोळे असलेले जिथे बघत नाहीत, तिथे आपण काय म्हणून जिवाचा आटापिटा करायचा, हे त्यांचं म्हणणं, आणि ते कोणालाच खोडता येण्यासारखं नव्हतं.

तर बाईंना दरवर्षी शंभरपैकी शंभर. प्रशिक्षण अधिकाऱ्यांना याचा इतका आनंद झाला की त्यांनी लिफ्टजवळ पोस्टर लावलं. कानाला हेडफोन लावलेला बाईंचा फोटो आणि खाली 'दिव्यांगांनाही सोपे!'

"मी कशी दिसते त्यात?" बाईंनी दादाला विचारलं.

"हसतेयस."

"मी कधी हसले?"

"कोणाचा तरी फोन चुकीच्या ठिकाणी जोडला असशील," दादा म्हणाला.

सगळं असं सुखात चाललं होतं. मग पाळीप्रमुख निवृत्त व्हायला आले.

ती जागा बाईंना हवी होती. आजवर आलेल्या प्रत्येक पाळीप्रमुखाला बाईंनीच काम शिकवलं होतं, आणि प्रत्येकाने पहिल्या दिवशी त्यांना मोठ्या मायेने विचारलं होतं, "तुम्हाला जमतं ना हो सगळं?" एकदा तरी हा प्रश्न आपण कोणाला तरी विचारावा, अशी त्यांची फार इच्छा होती. शिवाय सगळ्यांत जुन्या त्याच. मुलाखत म्हणजे नुसता उपचार, असं खोलीतले लोकही म्हणत होते.

आणि त्याच आठवड्यात आगीची घंटा वाजली.

सगळे उभे राहिले. उभे राहून एकमेकांकडे पाहू लागले.

"सराव असेल," कोणीतरी म्हणालं.

"मग सरावात काय करायचं?"

खोलीतल्या प्रत्येकाला त्या विषयात शंभर होते.

"दादा, कुठून जायचं?" बाईंनी विचारलं.

"निळ्या जिन्याने," दादा तत्काळ म्हणाला.

"निळा जिना कुठाय?"

"चित्रात खाली उजवीकडे होता."

शेवटी सगळे लिफ्टने गेले. बाहेर सुरक्षारक्षक हाताची घडी घालून उभाच होता. त्याने लिफ्टचं दार उघडताना पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सगळे मेलात. जा आता कामाला."

लोक हसत परतले. बाई हसल्या नाहीत. आग लागली तर पाळीप्रमुखाने खोलीत थांबून एकेका वॉर्डाला फोन करायचा आणि कोणत्या जिन्याने उतरायचं ते सांगायचं, एवढं त्यांना जुन्या प्रमुखांच्या बोलण्यातून ठाऊक होतं. म्हणजे उद्या सगळं इस्पितळ फोनवर ऐकणार त्यांचा आवाज, आणि तो आवाज सांगणार काय, तर खाली उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी त्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांकडे गेल्या. साहेब गोड बोलणारे होते. खुर्ची देताना तिचा आवाज होईल अशा बेताने सरकवायचे, आणि आपण तसं करतो हेही सांगायचे.

"साहेब, आगीचं प्रशिक्षण मला करता येत नाही."

"असं कसं ताई? शंभर आहेत तुम्हाला. दरवर्षी."

"ते मी केलेलं नाही."

"मग कोणी..." साहेबांनी वाक्य मध्येच गिळलं. "नको, सांगू नका. सांगितलंत तर मला चौकशी लावावी लागेल. आपण असं समजू की तुम्हीच केलंत. सिस्टिमही तेच समजते."

"पण त्यात सगळी चित्रं आहेत. पोपट नुसता बटण बटण करतो."

"हे बघा ताई, हा अभ्यासक्रम सर्वांना करता येतो, असं मी वर कळवलंय. पुरावा म्हणून तुमचेच गुण जोडलेत. आता तुम्हीच म्हणायला लागलात की करता येत नाही, तर तुमचे गुण तुमच्याविरुद्ध जातील."

"म्हणजे मी पास झाले, म्हणून मला अडचण नाही?"

"अगदी बरोबर बोललात."

"आणि नापास झाले तर?"

साहेब मनमोकळं हसले. "आजवर झालंय कोणी? आणि नापास माणसाला पाळीप्रमुखाच्या मुलाखतीला बसता येत नाही हं. तुम्ही फार विचार करता. सरळ दादाला बसवा शेजारी. म्हणजे दादाला असं नाही, कोणालाही."

घरी नवरा मटार सोलत बसला होता. तो बेकरीची गाडी चालवायचा, पहाटेपासून पाव पोचवायचा, त्यामुळे संध्याकाळी त्याचं डोकं शांत असायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"लोक पास व्हायला धडपडतात. तू नापास व्हायला?"

"मग दुसरा रस्ता सांग."

"आधी जागा मिळव. मग खुर्चीत बसून हवा तेवढा आरडाओरडा कर."

"आणि खुर्चीत बसल्यावर आग लागली तर?"

"आजवर लागलीय?"

"आजवर मी प्रमुख नव्हते."

नवऱ्याने एक मटार तोंडात टाकला. पलीकडे सासूबाई टीव्ही लावून बसल्या होत्या. त्यांना अलीकडे कमी ऐकू यायचं आणि ते त्यांना मान्य नव्हतं. टीव्हीवाल्यांनीच आवाज बारीक केलाय, अशी त्यांची ठाम समजूत होती.

"कोण गेलं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"कोणी नाही आई. ही नापास होतेय."

"या वयात? कितवीत?"

बाई मात्र ठरवून बसल्या होत्या. त्या वर्षीचं प्रशिक्षण उघडलं त्या दुपारी दादा सवयीने खुर्ची सरकवत आला.

"सरक जरा."

"नको. आज मी करते."

"अगं, मुलाखत तोंडावर आलीय. वेड लागलंय का?"

"बस तिथे. हात लावायचा नाही."

पोपट बोलू लागला. 'चित्र. नाव नाही. चित्र. नाव नाही. बटण.' कोणत्या आगीवर कोणता सिलिंडर वापरायचा, ते माउसने ओढून जुळवायचं होतं. बाईंनी सापडेल ते बटण दाबलं. वर कोपऱ्यात एक घड्याळ लाल होऊन लुकलुकू लागलं. बाईंना त्याचा पत्ताच नव्हता, घाम फुटला दादाला.

"डावीकडचा उचल! तांबड्या पट्ट्याचा!" तो न राहवून ओरडला.

"दादा," बाई म्हणाल्या, "तांबडा म्हणजे कसा ते आधी सांग. मग उचलते."

दादा गप्प झाला. थोड्या वेळाने पोपटही गप्प झाला.

"काय झालं रे?"

"नापास म्हणतोय. मोठ्या अक्षरात. रडका चेहराही काढलाय."

"पोपट तर काही बोलला नाही."

"ते अक्षर नाहीये गं," दादा पडद्याला नाक लावून म्हणाला. "तेही चित्रच आहे."

तासाभरात साहेब धावत खाली आले. सगळ्या इस्पितळाचा निकाल त्यांच्या पडद्यावर एका हिरव्या गोल चकतीसारखा दिसायचा, आणि आज त्या चकतीला कोणीतरी चावा घेतला होता.

"ताई, हे काय करून बसलात! मी पुन्हा उघडून देतो, पटकन कोणाला तरी..."

"उघडा की. पण करणार मीच. पुन्हा नापास होईन."

साहेबांनी उघडलं नाही.

मुलाखती झाल्या तेव्हा बाई आपल्या जागेवर बसून फोन जोडत होत्या. मुलाखतीच्या खोलीतला फोनही त्यांच्याकडेच आला. पुढच्या उमेदवाराला पाठवा म्हणे. पुढचा उमेदवार दादा होता.

"थांबा, पाठवते," बाई म्हणाल्या. त्या दिवशी आवाज नेहमीसारखा लागला नाही, पण ते मुलाखत घेणाऱ्यांना कळण्यासारखं नव्हतं.

जागा दादाला मिळाली. हंगामी. कारण हिरव्या चकतीतला तो चावा वरच्या मजल्यावर दिसला होता, आणि अभ्यासक्रम पुन्हा तयार व्हायचा होता. नवा अभ्यासक्रम पास झाल्यावर दादा कायम, असं ठरलं.

अभ्यासक्रम बनवणाऱ्या कंपनीने एका बाईला पाठवलं. हुशार होती आणि जरा रागात होती.

"आम्ही सगळ्या चाचण्या घेतल्या होत्या," ती आल्या आल्या म्हणाली.

"कोणावर?" थांबाबाईंनी विचारलं.

"आमच्यावरच."

बाईंनी आपला हेडफोन काढून तिच्या कानाला लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"हे काय बोलतंय?"

"तुम्ही लिहिलंय तेच."

त्यानंतर ती राग विसरली आणि रोज येऊ लागली. प्रत्येक बटणाला नाव दिलं. माउसशिवाय, नुसत्या कळा दाबून काम होईल असं केलं. लाल घड्याळ काढून टाकलं. व्हिडिओखाली अक्षरं आली. राहिलं चित्रांचं वर्णन. निळ्या जिन्यापाशी येऊन ती अडली.

"हा जिना नक्की कुठे आहे? वर्णनात लिहायला हवं."

कोणालाच सांगता येईना. बाई आणि ती, दोघी शोधायला निघाल्या. पुढे काठी ठोकत बाई, मागे चित्र हातात घेऊन ती. तळमजला झाला, पहिला मजला झाला. शेवटी सुरक्षारक्षकाने चित्र हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ही आपली इमारतच नाही."

कंपनीने कुठल्याशा दुसऱ्याच इमारतीचा नकाशा वापरला होता. इतकी वर्षं अख्खं इस्पितळ, शंभरपैकी शंभर गुणांनी, दुसऱ्यांच्या जिन्यावरून खाली उतरत होतं. खरा जिना फोनच्या खोलीला लागूनच होता. त्याच्या दारासमोर जुन्या फायलींची तीन कपाटं उभी होती.

कपाटं हलली. वर्णन लिहिलं गेलं. नव्या अभ्यासक्रमात शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय 'पुढे' हे बटण उघडत नसे, आणि प्रश्न दरवेळी बदलत. खोलीत हाहाकार उडाला. "बाईंमुळे आता ऐकावं लागतं," लोक एकमेकांना सांगू लागले. बाईंनी एका दुपारी एकटीने तो पुरा केला. सत्त्याऐंशी मिळाले. पास होऊनही पहिल्यांदाच शंभराहून कमी, आणि त्यांनी ते घरी दोनदा सांगितले.

लिफ्टजवळचं पोस्टर बदलावं लागलं नाही. "मी म्हणत नव्हतो?" साहेब येईल त्याला सांगायचे. पोस्टर खोटं कधीच नव्हतं, ते फक्त जरा लवकर लागलं होतं.

मग एका दुपारी चहाचे दोन कप घेऊन दादा बाईंच्या टेबलाशी आला. तो दोनदा नापास झाला होता.

"बाई, इतकी वर्षं मी तुझं केलं. आता एकदा माझं कर ना."

तो नापास राहिला तर जागा कोणाकडे येणार, हे दोघांनाही माहीत होतं. बाईंनी हेडफोन काढून त्याच्या कानावर चढवला.

"तू ऐक. तोवर मी चहा घेते."

दादाचा हात आधी सवयीने माउसकडे गेला, मग हिरमुसून मागे आला. तो ऐकू लागला. बाईंनी चहा प्याला, मग त्याच्या कपातलाही प्याला, कारण तो थंड होत होता. मध्येच दादाने एक कान उघडा केला.

"यात म्हणतंय, पाळीप्रमुखाने सगळ्या वॉर्डांना फोन करायचे. सगळे उतरले की मग आपण निघायचं."

"हो."

"सगळे उतरल्यावर? तोवर आपण इथेच?"

"हो."

"हे आधीही होतं?"

"असेल. चित्रात."

दादा विचारात पडला. आजवर त्याने अख्ख्या खोलीला दरवर्षी आगीतून बाहेर काढलं होतं, पण त्यात स्वतः आत राहायचं कुठे लिहिलंय, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"बाई, मी आत्ताच साहेबांना सांगून येतो. ही जागा तूच घे. आवाज तुझाच चांगला आहे."

तो उठला. खुर्ची मागे सरकली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

दादा थांबला.

"आधी शेवटपर्यंत ऐक. माझ्या पाळीत सगळ्यांना जिना माहीत लागतो." बाईंनी चाचपडून हेडफोन उचलला, त्याच्यापुढे धरला आणि मोठ्या मायेने विचारलं, "तुला जमतं ना रे सगळं?"